सही राष्ट्रपतींची, कागद कोणाचा?

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या सह्यांचे फोटो रोज मोबाइलवर यायला लागल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलला आहे. एरवी वारसनोंद, भाडेकरार, बांधावरची भांडणं. आता लोक विचारतात, "एका माणसाला एवढं करता येतं का हो?" त्यातले सहा प्रश्न आज घेतो.

आम्ही लासलगावला कांदा विकतो. अमेरिकेचा अध्यक्ष एका सहीने आयातशुल्क लावतो, आणि आमच्या कांद्याची निर्यातही एका रात्रीत बंद झाली होती. मग लोकशाहीचा फरक कुठे राहिला? – एक शेतकरी, निफाड तालुका

फरक आहे, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने शुल्क लावायचा अधिकार अध्यक्षाला दिलेलाच नाही. तो त्यांच्या संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा आहे. त्या काँग्रेसनेच एकेक कायदा करून त्यातला बराचसा अध्यक्षाच्या हवाली केला. त्यामुळे तिथल्या कोर्टात भांडण असतं ते एवढंच: नेमक्या कोणत्या कायद्याने दिलं, आणि किती दिलं? २०२५ च्या बऱ्याच शुल्कांसाठी १९७७ चा आणीबाणीविषयक कायदा पुढे केला गेला. त्यात आयातीचं 'नियमन' आहे, 'शुल्क' हा शब्द नाही. मे २०२५ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने ती शुल्कं बेकायदा ठरवली आणि प्रकरण वरच्या कोर्टांत गेलं.

यातला पाया घालणारा निकाल १९५२ चा. कोरियात युद्ध चालू होतं, पोलाद कामगार संपाच्या बेतात होते. अध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिलला देशातले पोलाद कारखानेच ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला. युद्ध असलं म्हणून काय झालं, कारखाने ताब्यात घ्यायचा कायदा कुठे आहे? त्यातल्या न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी दिलेलं माप आजही वापरतात. काँग्रेस पाठीशी असेल तर अध्यक्ष सर्वांत बलवान, काँग्रेस गप्प असेल तर संधिप्रकाश, म्हणजे अधिकार कोणाचा हे धूसर, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध गेला तर त्याचं बळ सर्वांत कमी.

आता तुमचा कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली. बंदीच्या अधिसूचनेमागे १९९२ चा परकीय व्यापार कायदा आहे. तो संसदेने केला आणि बंदी घालायची मुभा केंद्र सरकारला आधीच देऊन ठेवली. म्हणजे दोन्हीकडे गोष्ट एकच: कायदेमंडळाने आपल्या हाताने किल्ली दिली आणि मग दार उघडं राहिल्याची तक्रार केली. फरक असा, की आपल्याकडे ती किल्ली वापरणारे मंत्री दुसऱ्या दिवशी लोकसभेत बसतात आणि त्यांना तिथे उभं करता येतं. उभं करतात का, हा प्रश्न तुमच्या खासदाराला विचारा.

मंत्री विधानसभेतच बसतात, मग आपल्याकडे सत्ताविभाजन आहे असं उत्तर लिहायचं का नाही? अभ्यासिकेत रोज वाद होतो. – एमपीएससीची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

लिहा, पण 'काटेकोर नाही' असं लिहा. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालय हेच म्हणालं: काटेकोर विभागणी नाही, पण कायदेमंडळ, सरकार आणि न्यायालय यांपैकी एका अंगाने दुसऱ्याचं मूळ काम बळकावायचं नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत आपली निवड उघडच मांडली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि आपण जबाबदारीला झुकतं माप दिलं. राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात, राज्य करत नाहीत, हेही त्याच भाषणातलं.

परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण विभागणी नसली की काय होतं हे पाहायला नाशिकबाहेर जायची गरज नाही. १९०९ मध्ये जॅक्सन (हा वेगळा, आपला) इथला कलेक्टरही होता आणि मॅजिस्ट्रेटही. महसूल त्याचा, बंदोबस्त त्याचा, आणि बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वरच्या कोर्टात पाठवलं तेही त्यानेच. २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. सरकार आणि न्याय एकाच खुर्चीत बसले होते, याकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. म्हणूनच न्यायपालिका सरकारपासून वेगळी करा, असं सांगणारं कलम ५० घटनेत आलं. मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि देशभरात १ एप्रिल १९७४ पासून न्यायदंडाधिकारी वेगळे झाले. तरी जमावबंदी आजही कलेक्टर कचेरीतून निघते, आणि तडीपारीचा आदेश प्रांताधिकारी किंवा पोलीस उपायुक्त काढतात. जुन्या खुर्चीचा एक पाय अजून शिल्लक आहे.

२३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती नाही म्हणू शकले असते का? – निवृत्त शिक्षक, पंचवटी

साफ नाही म्हणू शकले नसते, पण थांबवू शकले असते. दोन्हीत अंतर आहे.

महाराष्ट्रात १२ नोव्हेंबरला लागलेली राष्ट्रपती राजवट त्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि लगेच फडणवीस सरकारचा शपथविधी झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. कामकाज नियमांतल्या नियम १२ खाली पंतप्रधान बैठकीविना निर्णय घेऊ शकतात आणि मंजुरी नंतर घेतली जाते, तो आधार घेतला गेला. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेले आहेत, पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्यांना एक वाक्य दिलं: पुन्हा विचार करा. तोच सल्ला परत आला की सही करावीच लागते. के. आर. नारायणन यांनी हे वाक्य वापरलं. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस त्यांनी परत पाठवली आणि गुजराल सरकारने विषय सोडला. १९९८ मध्ये बिहारची शिफारसही परत गेली. एका परत पाठवण्याने सरकारला दिवसाउजेडी पुन्हा तोच ठराव करावा लागतो, आणि पुष्कळ ठरावांना दिवसाचा उजेड मानवत नाही.

१९७५ ला फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर रात्री सही केली, मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. म्हणून त्याच ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. मात्र ही अट कलम ३५२ ला आहे, राष्ट्रपती राजवटीच्या ३५६ ला नाही. ती पहाट या फटीतून आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सभागृहात सिद्ध करायला लावलं आणि सरकार त्याआधीच पडलं.

राष्ट्रपतींनी विधेयकावर सहीच केली नाही तर? – सिडको

घटनेत मुदत नाही. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक नुसतं टेबलावर ठेवून दिलं. लोकांची पत्रं उघडायची सरकारला मोकळीक देणारं ते विधेयक कायदा झालंच नाही. (तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसची, म्हणून मला हा किस्सा जवळचा वाटतो.) कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं (खासदारांनी कोणती सरकारी पदं घेतली तर चालतात, याचं) विधेयक परत पाठवलं, संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केल्यावर सही केली. एप्रिल २०२५ मध्ये, राज्यपालांनी विधेयकं अडवल्याच्या तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी राज्यपाल आणि राष्ट्रपती दोघांनाही मुदत घालून दिली. नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पाच जणांच्या पीठाने मत दिलं, की अशी मुदत कोर्टाला घालता येत नाही. फार काळ अकारण अडवून ठेवलं तर 'निर्णय घ्या' एवढं सांगता येईल. मला स्वतःला आधीचा निकाल भावला होता, पण घटनेत नसलेली तारीख कोर्टाने लिहायची का, या आक्षेपाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

दयेचा अर्ज मान्य झाला म्हणजे कोर्ट चुकलं असं होतं का? – नाशिकरोड

नाही. निकाल जागच्या जागी राहतो, फक्त शिक्षा हलते. आणि तिथेही सल्ला सरकारचाच असतो. उलट कोर्ट या अधिकाराकडे पाहू शकतं: २०१४ मध्ये अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिल्याच्या मुख्य कारणाने सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. नौदल अधिकारी नानावटी यांच्या खून प्रकरणात १९६० ला मुंबईच्या राज्यपालांनी अपील व्हायच्या आत शिक्षा थांबवली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रकरण आमच्यापुढे असताना ही घाई चालणार नाही. चार वर्षांनी नानावटींना माफी मिळालीच, पण रांगेत उभं राहून.

आपला महापौर म्हणजे शहराचा राष्ट्रपतीच की! खरे अधिकार आयुक्तांकडे. – इंदिरानगर

बऱ्यापैकी बरोबर. १९४९ च्या महापालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्तांना दिले, महापौर सभा चालवतात. पण आयुक्तांना मोठ्या खर्चासाठी स्थायी समितीपुढे, महासभेपुढे जावं लागतं, तिथे आरडाओरडा होतो, कधी प्रस्ताव लटकतो. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्या काळात एकच अधिकारी आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडत होता, स्थायी समिती म्हणून मंजूर करत होता आणि पुन्हा आयुक्त म्हणून राबवत होता. फाइल मात्र नियमाप्रमाणे एका विभागातून दुसऱ्या विभागात जायची, आणि दोन्हीकडे सही एकच.