गुझमानियाचं लाल फूल सुकत चाललंय, झाड मेलं का?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी नर्सरीतून लाल फुलाचं गुझमानिया आणलं, आता फूल तपकिरी पडलंय, खालची पानं सुकतायत, तर पाणी कमी पडलं की जास्त झालं. बहुतेक दोन्ही नाही. केळ कशी एकदा घड देते आणि संपते, बाजूने मुनवे येतात, तसंच हे. गुझमानिया ब्रोमेलियाड कुळातलं, आणि ब्रोमेलियाडचा एक झुपका आयुष्यात एकदाच फुलतो, मग हळूहळू जातो, त्यात सहा महिने वर्षसुद्धा निघून जातं. आणि ते लाल म्हणजे फूल नव्हेच, रंगीत पानं आहेत, खरी फुलं त्यातून डोकावणारी बारकी पिवळी-पांढरी, दोन-चार दिवसांत गळतात, आपलं लक्षही जात नाही.

पण आधी एक चेक करा. अगदी मधली कोवळी पानं चिमटीत धरून हलकेच ओढा. घट्ट असतील तर काळजी नाही. माझ्या पहिल्या झाडाचा सगळा गाभा अलगद हातात आला होता, बुडाशी काळपट बुळबुळीत आणि वास असा की नाक धरून बाल्कनीत पळाले. मी त्याला तुळशीसारखं रोज मातीत पाणी घालत होते, तेही लाल मातीत. जंगलात यातली बरीचशी झाडं, गुझमानियाही, दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात, मुळांचं मुख्य काम धरून ठेवायचं, पाणी पितात ती पानं, त्यांच्या मधोमध जो पेल्यासारखा खळगा होतो त्यातून. म्हणून कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडं कोकोपीट, परलाइट (पांढरे हलके खडे) असं भुसभुशीत काहीतरी, आणि ते नुसतं ओलसर. पेल्यात मात्र थोडं पाणी हवं, काठोकाठ नको.

आणि त्या पेल्यातलं पाणी दर आठवड्याला बदला, हे अजिबात विसरू नका. पावसाळ्यात आमच्या सोसायटीत पालिकेच्या बाई डेंग्यूच्या चेकिंगला आल्या, त्यांनी फ्रिजमागचा ट्रे बघितला, मग माझी कुंडी उचलून पांढऱ्या वाडग्यात उलटी केली. वळवळणाऱ्या अळ्या! मी बघतच राहिले, शेजारीण पण बघतच राहिली. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात. तेव्हापासून रविवारी सकाळी मी झाड आडवं करून बेसिनमध्ये सगळं ओतते आणि ताजं भरते. पावसाचं पाणी उत्तम, बोअरवेलच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात. आरओचं वेस्ट पाणी नको, त्यात क्षार जास्त. तांब्याच्या कळशीत साठवलेलंही नको, तांबं या झाडांना सोसत नाही, म्हणून बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) वगैरेही फवारू नका.

आता फूल पूर्ण वाळलं की दांडा कात्रीने जमेल तितका खालून कापा आणि बुडाशी बघत राहा, पिल्लं येतील. घाईने काढायची नाहीत. आईच्या निम्म्या उंचीची झाली, थोडी मुळं दिसली, की धारदार सुरीने मुळासकट कापून वेगळ्या छोट्या कुंडीत लावा. उजेड भरपूर पण थेट दुपारचं ऊन नको, पूर्वेची खिडकी झकास. खताचं फार कौतुक करू नका, महिन्यातून एकदा अगदी पातळ करून, बस.

पिल्लाला फुलायला दोन-तीन वर्षं लागू शकतात हे आत्ताच सांगून ठेवते. वाढ पूर्ण होऊनही फुलत नसेल तर एक गंमत करता येते, पेल्यातलं पाणी ओतून टाकायचं, झाड पिकलेल्या सफरचंदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत आठ-दहा दिवस बांधून सावलीत ठेवायचं. फळातून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुलोरा धरतो, पण दिसायला दोन-तीन महिने जातात. अननस याच कुळातला, त्याचे शेतकरी हेच काम इथेफॉन (इथिलीन सोडणारं रसायन) फवारून करतात, सगळं शेत एकदम फुलावं म्हणून. माझ्या दोन पिल्लांपैकी एक सफरचंदाने फुललं, दुसरं अजून ढिम्म.

तुमच्या झाडाचा गाभा ओढून बघा आणि वास येतो का तेवढं कमेंटमध्ये कळवा, येत असेल तर वेगळं बोलू.