प्रोजेक्ट सोडताना

तुझ्या ओपन-सोर्स प्रोजेक्टवर कोणी इश्यू, म्हणजे अडचण, नोंदवल्याचं नोटिफिकेशन दिसलं की कपाळाला आठी पडते? पुल रिक्वेस्ट, म्हणजे इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल, महिनोन्महिने पडून राहतात? मग थांबायची वेळ झालीये. अपराधी वाटून घेऊ नकोस. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जनकाने, गुइडो व्हान रॉसमनेही, २०१८मध्ये भाषेतल्या एका ऑपरेटरवरच्या (चिन्हावरच्या) वादाला कंटाळून सूत्रं सोडलीच की!

फक्त गुपचूप गायब होऊ नकोस. रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत, अगदी वर लिही, 'मेंटेनर हवाय', म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा. कोणीच आलं नाही तर रेपो (कोडचं भांडार) सरळ अर्काइव्ह कर, म्हणजे फक्त वाचण्यापुरता ठेव. पण मागेल त्याच्या हाती किल्ल्या देऊ नकोस. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातल्या इव्हेंट-स्ट्रीम पॅकेजचं २०१८मध्येच तेच झालं: नव्या मेंटेनरने बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड घुसवला. आधी मागणाऱ्याचे पॅच (कोडमधले छोटे बदल) बघ, त्याला इतरांचा कोड रिव्ह्यू करू दे, नवी आवृत्ती पब्लिश करायचे हक्क सगळ्यात शेवटी. आणि हो, जाताना स्वतःचे टोकन (पासवर्डसारखे प्रवेशाचे कोड) रद्द कर.