मेडिक्लेम मिळाला म्हणून भरपाईचा हक्क संपतो का?

अपघातानंतरची बिले आणि विम्याचे दावे यांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला गैरसमज अनेक घरांत पक्का बसलेला दिसतो आणि त्यापायी माणसे हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ प्लंबिंगची कामे करतो. चार महिन्यांपूर्वी दुचाकीवरून कामावर जात असताना मागून आलेल्या मोटारीने त्याला धडक दिली. नडगीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. रुग्णालयाचे बिल ३,३०,००० रुपये झाले. खोलीचे भाडे मर्यादेपेक्षा जास्त होते असे सांगून मेडिक्लेम कंपनीने २,२०,००० रुपयेच मंजूर केले. उरलेले पैसे आम्ही उसने घेऊन भरले. आता एजंट म्हणतात की मेडिक्लेम घेतल्यावर मोटारीच्या विम्याकडे उपचारांचा खर्च मागता येत नाही. मोटारमालक ४०,००० रुपये द्यायला तयार आहेत, मात्र त्यांना स्टॅम्प पेपरवर सही हवी आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. ‘आता आमची कोणतीही तक्रार अथवा मागणी उरलेली नाही’ अशा अर्थाचे वाक्य त्यात बहुधा असतेच, आणि पुढे भरपाई मागायला गेलात की तेच वाक्य तुमच्यासमोर ठेवले जाते. भावाचा पाय किती बरा होणार आणि प्लेट काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागणार का, हे अजून कोणालाही नक्की सांगता येणार नाही. अशा वेळी ४०,००० रुपयांत सगळा हिशेब मिटवणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. मोटारमालकांनी माणुसकीने मदत देऊ केली असेल तर ती जरूर घ्या, पण मिळालेल्या रकमेची साधी पोच द्या. त्यापुढे एक अक्षरही लिहून देऊ नका.

एजंटांचे म्हणणे बरोबर नाही. मेडिक्लेम हा तुमच्या भावाने हप्ते भरून केलेला करार आहे. अपघाताची भरपाई मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ खाली, दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीबद्दल मिळते. या दोन हक्कांचा उगमच वेगळा आहे. मेडिक्लेमची रक्कम अपघातांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने भरपाईतून वजा करावी की नाही, याबद्दल पूर्वी परस्परविरोधी निकाल होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ती वजा करता येणार नाही असा निर्वाळा दिला. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करताना रुग्णालयाचे पूर्ण बिल मांडा आणि मेडिक्लेम मिळाल्याचेही उघडपणे नमूद करा. त्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

तुमच्याकडे वेळ मात्र थोडा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ मध्ये आलेली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली तरतूद सांगते की अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. चार महिने गेलेले आहेत. पाय पूर्ण बरा होईपर्यंत थांबू असा विचार करू नका. अपंगत्वाचा दाखला आणि पुढची बिले नंतर दाखल करता येतात. अपघात परगावी झाला असला तरी अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे, त्यामुळे लंगडत्या भावाला दूर हेलपाटे घालायला लावू नका.

आता कापलेल्या १,१०,००० रुपयांकडे वळू. तुम्ही सोबत पाठवलेल्या बिलात खोलीभाडे ३६,००० रुपये आहे, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह मिळून १,२०,००० रुपये आहेत, आणि प्लेट-स्क्रू, औषधे व तपासण्या यांचे १,७४,००० रुपये आहेत. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये होती, घेतलेली खोली ६,००० रुपयांची होती. म्हणून कंपनीने सरसकट पूर्ण बिलाचा एक तृतीयांश भाग कापला. चूक इथेच आहे. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क त्याच प्रमाणात कमी होते हे खरे, कारण रुग्णालये खोलीच्या दर्जानुसार ही शुल्के वाढवतात. पण प्लेट स्वतंत्र खोलीत महाग आणि जनरल वॉर्डात स्वस्त होत नाही, गोळ्यांच्या पाकिटावरची किंमतही बदलत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले होते : औषधे व इतर साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही. बहुतेक पॉलिसींत ‘असोसिएट मेडिकल एक्सपेन्सेस’ या व्याख्येखाली हा मजकूर असतो. तुमच्या पॉलिसीत तो शोधा. असेल, तर खोलीभाड्याचे १२,००० आणि सर्जन-शस्त्रक्रियागृहाचे ४०,००० अशी ५२,००० रुपयांची कपात योग्य ठरते, पण उरलेले ५८,००० रुपये कंपनीने परत दिले पाहिजेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहून, कलमाचा उल्लेख करून, हीच आकडेमोड एका तक्त्यात मांडा. रागाने लिहिलेल्या चार पानांपेक्षा असा तक्ता लवकर वाचला जातो.

न्यायाधिकरणापुढे केवळ बिलाचा प्रश्न नसतो, आणि तुमच्या पत्रात याबद्दल काहीच नव्हते म्हणून हे आग्रहाने लिहिते. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने जखमी व्यक्तीच्या भरपाईचे घटक नीट उलगडून सांगितले आहेत : उपचार, औषधे, वाहनखर्च आणि पौष्टिक आहार, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, कायम अपंगत्वामुळे पुढे घटणारी कमाई, भविष्यातील उपचार, आणि सोसलेल्या वेदना. त्याच निकालातली दुसरी गोष्ट तुमच्या भावासाठी फार मोलाची आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावरचा अपंगत्वाचा टक्का आणि कमाईवर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायाचे तेच अपंगत्व टेबलावर बसून काम करणाऱ्याला फारसे अडवणार नाही, पण ज्याला शिडी चढून पाण्याच्या टाकीपर्यंत जावे लागते, उकिडवे बसून मोरीखालची जोडणी करावी लागते, त्याचा रोजगारच त्यामुळे निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून त्याचे काम नेमके काय आहे हे अर्जात तपशिलाने लिहा, आणि ज्यांच्याकडे तो कामे करत असे त्यांच्याकडून लेखी दाखले घ्या.

कागदांबद्दल दोन गोष्टी. मूळ बिले मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील, तर रुग्णालयाकडून शिक्का मारलेल्या प्रती आणि कंपनीकडून दावा मंजुरीचे पत्र मागून घ्या. केसपेपर आणि इतर वैद्यकीय नोंदी लेखी मागितल्यापासून ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट, औषधांच्या दुकानातल्या पावत्या. एका वृद्ध वडिलांनी मुलाच्या अपघाताच्या सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवल्या होत्या. आठ महिन्यांनी त्यांनी माझ्यापुढे ती पिशवी उघडली, तेव्हा निम्म्या पावत्या कोऱ्या पांढऱ्या होत्या. थर्मल कागदावरची अक्षरे उडून गेली होती, वर दुकानाचे फिकट नाव तेवढे उरले होते. त्या गृहस्थांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पावती हातात पडली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि मूळ पावतीला टाचून ठेवा.

प्रश्न : माझी आई (वय ६२) न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तिची आरोग्य विमा पॉलिसी सात वर्षे एकाही वर्षाचा खंड न पडता चालू आहे. रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर ‘चक्कर येऊन पडल्या, रक्तदाबाचा जुना त्रास’ अशी नोंद आहे. पॉलिसी घेताना रक्तदाब सांगितला नव्हता म्हणून कंपनीने दावा नाकारला. आम्ही डॉक्टरांना ती नोंद बदलायला सांगू का? पाय घसरल्याचे लिहिले तर चालेल ना?

उत्तर : नाही, कृपा करून हे करू नका. तुमची धडपड आईसाठी आहे हे मला कळते, पण खाडाखोड केलेला केसपेपर हा नाकारलेल्या दाव्यापेक्षा वाईट असतो. कंपनीने पहिल्याच दिवशी त्याची प्रत घेतलेली असण्याची शक्यता आहे, आणि आज जो वाद माहिती न सांगण्याचा आहे तो उद्या फसवणुकीचा होईल. ती नोंद अपुरी असेल, म्हणजे फरशी ओली होती आणि तोल गेला हे लिहायचे राहून गेले असेल, तर उपचार करणारे डॉक्टर तारीख घालून स्वतंत्र खुलासापत्र देऊ शकतात. पण आईला खरोखर चक्कर आली असेल, तर ते तसेच राहू द्या.

तुम्हाला खोट्याचा आधार घेण्याची गरजही नाही. आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये प्राधिकरणाने ती पाच वर्षांवर आणली. आईची सात वर्षे झाली आहेत. हे एकच मुद्देसूद कारण देऊन तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहा, आणि सातही वर्षांची नूतनीकरणाची कागदपत्रे जोडा. मध्येच विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी ६० महिने त्या तारखेपासून मोजले जातात, एवढे लक्षात घ्या.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद ते ऐकतात, शुल्क नसते, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग तुम्हाला खुला राहतो. मात्र आधी ग्राहक आयोगात गेलात तर त्याच दाव्यासाठी लोकपाल अर्ज घेत नाहीत. म्हणून हा क्रम उलटा करू नका.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांना रात्री एका ट्रकने उडवले आणि ट्रक पळून गेला. हात मोडला आहे. ट्रकचा क्रमांक कोणीच पाहिला नाही. त्यांच्याकडे मेडिक्लेम नाही. वर्षाला २० रुपये कापले जाणारा बँकेचा अपघात विमा आहे. काही मिळेल का?

उत्तर : बँकेतून कापली जाणारी २० रुपयांची रक्कम पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेची असावी. त्या योजनेत मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. रुग्णालयाची बिले त्यात येत नाहीत. हात जोडला जाऊन पुन्हा कामाचा होणार असेल, आणि तसाच तो व्हावा, तर तिथून काही मिळणार नाही.

दुसरा मार्ग मात्र आहे. धडक देऊन पळालेल्या आणि न सापडलेल्या वाहनामुळे गंभीर दुखापत झाली, तर २०२२ च्या योजनेनुसार ५०,००० रुपये मिळतात, आणि हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे. अर्ज अपघात जिथे झाला त्या भागातील प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो, सोबत पोलिसांतली प्रथम खबर आणि रुग्णालयाची कागदपत्रे लागतात. पोलिसांत अजून नोंद झालेली नसेल तर आजच जाऊन ती करा. वाहन अज्ञात आहे हे पोलिसांच्या कागदावर आल्याशिवाय पुढचा अर्ज हलत नाही. पुढे ट्रक सापडला आणि न्यायाधिकरणाने भरपाई दिली, तर हे ५०,००० त्यातून परत करावे लागतील.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेत रस्ते अपघातातील कोणत्याही जखमीवर, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न घेता होतात. अपघाताची तारीख तुम्ही कळवलेली नाही. सात दिवस अजून उलटलेले नसतील, तर रुग्णालयाच्या बिल विभागात जाऊन ते या योजनेत आहेत का हे प्रथम विचारा, आणि मगच पुढचे पैसे भरा.