एकांकिकेसाठी रोबोटचा आवाज आणि लेझर गनचे इफेक्ट घरच्या घरी कसे बनवायचे?

सिंथेसायझर नाही, बजेट नाही, फक्त मोबाईल आणि लॅपटॉप आहे, तर जमेल का असं तुम्ही विचारलंय. जमेल की! मी हौशी नाटकांना साऊंड देतो आणि माझं एकच म्हणणं, नेटवरचे रेडिमेड बीप-बूप उचलू नका, सगळ्यांनी ते शंभरदा ऐकलेत. खरी वस्तू रेकॉर्ड करा आणि मग तिला बिघडवा.

1977 च्या 'स्टार वॉर्स' सिनेमाचा साऊंड डिझायनर बेन बर्टने हेच केलं. लाइटसेबरची, म्हणजे त्यातल्या प्रकाशाच्या तलवारीची ती घूंऽऽ म्हणजे जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर, त्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमुळे माइकमध्ये शिरलेली गुणगुण, बास. आणि तलवार फिरल्यासारखी वाटते ती कशी, तर तो आवाज स्पीकरवर लावला आणि त्याच्यासमोर दुसरा माइक हातात धरून हलवला, म्हणजे शाळेत शिकलेला डॉप्लर! ब्लास्टरसाठी, म्हणजे त्यातल्या लेझर गनसाठी त्याने रेडिओ टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारली. तुम्हाला टॉवर कुठला मिळणार, पण खेळण्यातली स्लिंकी स्प्रिंग मिळेल (लोखंडी घ्या, प्लॅस्टिकची नको). एका टोकाला कागदी कप अडकवा, दुसरं टोक खाली लोंबू द्या, स्प्रिंगवर पेन्सिलीने टक्कन मारा आणि मोबाईल कपाच्या तोंडाशी धरा. धातूतून वरच्या पट्टीचे सूर आधी पोचतात, खालचे मागून रेंगाळत येतात, म्हणून ते 'प्यूऊऊ' असं घसरत ऐकू येतं. काहीच प्रोसेसिंग नाही!

रोबोटच्या हातापायांना डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे, जुना प्रिंटर, रिमोटची गाडी, काहीही चालतं. स्पीड अर्धा केला की सूर एक सप्तक खाली येतो आणि तीच गाडी दहा फुटी मशीन वाटायला लागते.

आता बोलणं. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या रोबोटसारख्या डालेकचा आवाज रिंग मॉड्युलेटरचा (आवाजाला दुसऱ्या एका सुराने गुणणारं यंत्र), तो सूर साधारण 30 हर्ट्झचा. तुमच्या आवाजात 200 हर्ट्झचा सूर असेल तर तो जाऊन 170 आणि 230 असे दोन येतात, वरच्या प्रत्येक सुराचं तसंच होतं, मग ते एकमेकांच्या पटीत राहत नाहीत आणि कानाला माणूस वाटत नाही. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ट्रेमोलो (आवाज भराभर लहान-मोठा करणारा इफेक्ट) 30 हर्ट्झवर ठेवून वेट, म्हणजे इफेक्टचं प्रमाण, पूर्ण करा, अगदी तेच नाही पण बरंच जवळ जातं. नटाला मात्र सपाट वाचायला लावू नका प्लीज, सगळे तेच करतात आणि झोप येते. डालेक कसले किंचाळतात बघा, राग आवाजात आधी असायला हवा, मशीन तो तयार करत नाही.

आणि प्रयोगाआधी हॉलच्या स्पीकरवर वाजवून बघाच, हेडफोनवर भारी वाटणारा रोबोट तिथे काय बोलतोय तेच कळत नाही कधीकधी, तसं झालं तर मूळ साधा आवाज थोडा खालून मिसळा, शब्द सुटे होतात.