डी-सस-फोर वाजवताना बोटं का सुटतात?

प्रश्न : गिटारवर डी, ए, ई, जी या कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) मला आता बऱ्यापैकी जमतात. पण डी-सस-फोर घ्यायला गेले की सगळी बोटं उचलली जातात, ताल सुटतो आणि पहिली तार खरखरते. सस (सस्पेंडेड) कॉर्डचे आकार वेगळे पाठ करायचे का? आणि त्या वाजवायच्या तरी कुठे?

उत्तर : वेगळे पाठ करू नका, तिथेच सगळं बिनसतं. नेहमीची डी धरा : तर्जनी तिसऱ्या तारेवर २ऱ्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधल्या घराला), अनामिका दुसऱ्या तारेवर ३ऱ्या, मधलं बोट पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेवर २ऱ्या. आता एकही बोट न उचलता करंगळी पहिल्या तारेवर ३ऱ्या फ्रेटला टेकवा. झाली डी-सस-फोर. बहुतेक जण करंगळी ठेवताना मधलं बोट उचलतात. मग परत येताना ते जागा शोधत बसतं आणि तेवढ्यात मात्रा निघून जाते. ते दाबलेलंच ठेवा, करंगळी उचलली की डी तयार. खरखर थांबवायला करंगळीचं टोक फ्रेटच्या पट्टीला खेटून ठेवा आणि अंगठा मानेच्या मागे मध्यावर आणा. मधलं बोटही उचलून पहिली तार मोकळी सोडलीत, तर डी-सस-टू मिळते.

कानाला काय होतं तेही समजून घ्या. डी मेजर म्हणजे सा-ग-प. सस-फोरमध्ये गंधाराच्या जागी मध्यम येतो, सस-टूमध्ये ऋषभ. मेजर की मायनर हे गंधारावरून ठरतं आणि तोच नसल्यामुळे कॉर्ड अधांतरी वाटते. म्हणूनच ए आणि ए मायनर, दोन्हींवरून ए-सस-फोर एकच : करंगळी दुसऱ्या तारेवर ३ऱ्या फ्रेटला. ई-सस-फोरला ती तिसऱ्या तारेवर २ऱ्या.

वाजवायची कुठे? डी या पट्टीतलं एखादं गाणं घ्या. ओळीच्या शेवटी ए चार मात्रा असेल, तर पहिल्या दोन मात्रा ए-सस-फोर, पुढच्या दोन ए आणि मग डी. मध्यम गंधारावर उतरतो तो क्षण नीट ऐका. मला या कॉर्डमध्ये सर्वांत प्रिय आहे तो हाच. मात्र गाणारा त्याच वेळी ए कॉर्डच्या गंधारावर, म्हणजे सी शार्पवर थांबत असेल, तर तिथे सस-फोर घेऊ नका. दोन स्वर एकमेकांना घासतात आणि गाणाऱ्याला स्वर धरून ठेवणं जड जातं.

सराव मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ६०वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून करा. तारा एकेक करून छेडा, मुकी तार लगेच सापडेल.

जी-सस-फोर सध्या बाजूला ठेवा. तिथे पाचवी तार मुकी करावी लागते आणि बोटांची मांडणीच बदलते. आधी डी, ए आणि ई ताल न सोडता येऊ द्या.