लेक शब्बाथ पाळू लागली आणि घरात अबोला आला

इस्राएलमधल्या रामला गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपून इथे देते. (शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत. त्यात गॅस पेटवणं, गाडी काढणं, टीव्ही लावणं वर्ज्य.)

"आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. सासूबाई रोह्याच्या, मी ठाण्याची. आमच्या घरी शुक्रवारी दिवे लागतात, किद्दूश (द्राक्षारसावरचा आशीर्वाद) होतो, नको ती मासळी कधी आली नाही. पण शनिवारी टीव्ही चालतो, हे गाडी काढतात, चहासाठी गॅसही पेटतो. थोरली लेक लष्करातली सेवा संपवून आली ती सगळं पाळायचं ठरवूनच. आता माझ्या पातेल्यातलं मटण खात नाही, कागदी ताटलीत वेगळं घेऊन बसते. परवा सासूबाईंना म्हणाली, 'आजी, तुमचं स्वयंपाकघर कोशेर (खाण्याच्या धर्मनियमांत बसणारं) नाही.' तेव्हापासून त्या तिच्याशी बोलत नाहीत. मलिदा (आपलं गोड पोह्यांचं आशीर्वादाचं ताट) तोरामध्ये (मोशेच्या धर्मग्रंथात) कुठे लिहिलाय, असंही तिने विचारून झालं. त्यात पुढच्या महिन्यात तिच्या चुलतभावाची मेंदी शनिवारी संध्याकाळी सहाला ठेवली आहे. येणार नाही म्हणते. मी कोणाची बाजू घेऊ?"

ताई, पाळण्याच्या बाबतीत लेकीची घ्या आणि मानाच्या बाबतीत सासूबाईंची. मी स्वतः शब्बाथ पाळते, तेव्हा आडपडदा न ठेवता लिहिते. विशीतली पोरगी, सगळं जग मोकळं असताना, देवाच्या आज्ञा पाळायचं आपणहून ठरवते, ही तुमच्या घराची पुण्याई आहे. तिला त्यातून परत फिरवायला जाऊ नका. पण तिचं ते एक वाक्य सासूबाईंना इतकं का लागलं, हे तिला कोणीतरी नीट बसवून सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगा.

तिचा जन्म इथला, इस्राएलमधला. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बी (धर्मगुरू) कार्यालयाने आपल्या लोकांच्या लग्नाआधी कूळ तपासायचे आदेश काढले होते, हे तिने फार तर शाळेत एखाद्या ओळीत वाचलं असेल. सासूबाईंच्या पिढीने ते सोसलं. कोकणातून सगळं मागे टाकून, 'आपल्या देशात चाललो' म्हणून आलेल्या माणसांना विचारलं गेलं की तुम्ही खरे यहुदी कशावरून? १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बायकासुद्धा, जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, खास बैठक घ्यावी लागली, बेने इस्राएली हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असं सरकारला जाहीर म्हणावं लागलं, आणि त्या आदेशातून आपलं नाव गेलं. नाव गेलं, सल राहिला. त्यामुळे नात पातेल्याबद्दल बोलली तरी आजीच्या कानावर वेगळंच पडलं: तू यहुदी नाहीस. आणि या वेळी ते घरातल्याच माणसाच्या तोंडून.

दुसरं, आजीने काय काय पाळलं आहे याचा हिशेब पोरीपुढे मांडा. अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. शेजारपाजारचे त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे, ते नाव आपोआप नाही पडलं. ना रब्बी, ना ग्रंथ, बाकीच्या यहुद्यांशी संबंध नाही, अशा अवस्थेत पिढ्यानपिढ्या आठव्या दिवशी सुंता झाली, शमा ही प्रार्थना तोंडपाठ राहिली आणि शनिवारी बैल दावणीला राहिला. समुद्रकिनाऱ्यावर राहून कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं घरात आली नाहीत. खवले आणि पर असलेली मासळीच आली. सगळं गाव ज्या मासळीवर जगतं तिच्यातल्या निम्म्या टोपलीकडे बघायचंच नाही, हे सोपं होतं का? किद्दूशला कोशेर द्राक्षारस कुठून मिळणार? काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत केलं आणि त्यावर आशीर्वाद म्हटला. मटण पाण्यात भिजवून, मीठ लावून, रक्त उतरवूनच चुलीवर चढायचं, आणि रश्श्याला दाटपणा यायचा तो नारळाच्या दुधाने. दही-तूप त्याच्या जवळ यायचं नाही. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको', ही आज्ञा तोरामध्ये तीनदा आली आहे. आपल्या आज्यांना ती कुठे आणि कितीदा आली हे ठाऊक नसेल, पण त्यांचा रस्सा तिच्याबाहेर गेला नाही.

तुमची लेक आज हेच करते आहे. फक्त तिच्या हाताशी पुस्तकं आहेत, शिक्के मारलेली पाकिटं आहेत आणि विचारायला रब्बी आहेत. आजीपेक्षा जास्त बारकाईने पाळणं तिला जमतंय, ते आजीने तिथवर आणून सोडलं म्हणून.

आता लेकीला दाखवायचं ते वचन. तोरामधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातलं तिसरं. त्यात एका दमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: प्रत्येकाने आपल्या आईचं आणि बापाचं भय धरावं, आणि माझे शब्बाथ पाळावेत. आपल्या शास्त्र्यांनी या जोडणीवरून काय काढलं ते तिला माहीत असेलच: आईबापांनी शब्बाथ मोडायला सांगितला तर ऐकायचं नाही, कारण आईबापही त्याच देवाचे बांधलेले. हे बरोबरच आहे, आणि तुम्ही तिला 'आजीसाठी एवढं खा' असं कधी म्हणू नका. पण आईबापांची आज्ञासुद्धा त्याच ओळीत आहे, ती गळून पडत नाही. तालमूदमध्ये, म्हणजे शास्त्र्यांच्या चर्चांच्या ग्रंथात, किद्दुशीन नावाच्या भागात तर नेमकी हीच अडचण घेतली आहे. बाप तोराविरुद्ध काही करताना दिसला तर मुलाने 'बाबा, तुम्ही आज्ञा मोडलीत' असं म्हणायचं नाही. 'बाबा, तोरामध्ये असं असं लिहिलं आहे' एवढंच म्हणायचं. वडिलांना खाली पाहायला लावायचं नाही.

म्हणजे 'तुमचं स्वयंपाकघर कोशेर नाही' हे वाक्य आजीला बोलणं हीच आज्ञेतली चूक झाली. जी मुलगी चमच्याचमच्याला नियम विचारते तिला हाही नियमच आहे असं सांगा. ती ऐकेल. मनापासून पाळणाऱ्या मुलांशी लिहिलेल्या वचनाच्या आधाराने बोललं की ती ऐकतात, रडारडीने आणि टोमण्यांनी नाही. माफी मागायची ती सासूबाईंच्या पायाशी बसून, त्यांच्या भाषेत, मराठीत. हिब्रूत मागितलेली माफी त्यांना समजेल, पण पोचणार नाही.

स्वयंपाकघराचं काम मात्र अंगावर घ्या, कारण वाटतं तेवढं अवघड नाही आणि अर्धं आपल्याकडे झालेलंच असतं. मराठी घरात दुधाचं पातेलं वेगळं असतंच, त्यात दुसरं काही शिजत नाही. मटणाची पातेलीही बहुतेकींची ठरलेली असतात. आता मटणाचं, दुधाचं आणि दोन्हीत न बसणारं असे सरळ तीन ढीग करा. डाव, चमचे, घासण्यासुद्धा वेगळ्या. ज्यात घोळ झाला असेल ती स्टीलची, पितळेची भांडी स्वच्छ घासून २४ तास न वापरता ठेवायची आणि मग खळखळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढायची. मातीच्या भांड्याला हा इलाज नाही, ती हंडी सोडावी लागेल. कुकरची रबरी रिंग नवीच आणा. आणि मुंबईहून येताना आपण जे कुकर, पातेली, वाट्या, पेले बॅगा भरभरून आणतो ना, ते वापरायला काढण्याआधी मिकवेमध्ये (शुद्धीच्या पाण्याच्या कुंडात) बुडवून आणायचे असतात. धातूच्या आणि काचेच्या भांड्यांना ते लागतं. हे काम आजी आणि नात दोघींना मिळून करू द्या. सासूबाईंचं एखादं जुनं पितळी पातेलं असेल तर ते आधी. पोरीला कळू दे की आजीचं भांडं टाकायचं नाही, शुद्ध करून वापरायचं आहे.

हे सगळं बघायला रब्बी बोलावणार असाल तर सासूबाईंना विचारून बोलवा, आणि शक्यतो आपल्याच प्रार्थनाघरातले, त्यांना ओळखीचे असतील असे. त्यांच्या घरात परक्या माणसाने तपासणीला यावं, हे त्यांनी आयुष्यात एकदा पुरेसं भोगलं आहे.

राहता राहिला शनिवारचा चहा. हसू नका, पण आपल्या कित्येक घरांत शब्बाथ मोडतो तो या चहावर. अन्न प्लाटावर (विजेच्या गरम पाटावर) गरम राहतं, दिवे टायमरवर राहतात, पण सकाळी उठून आलं ठेचून चहा उकळल्याशिवाय आपल्याला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. आमच्या घरी असं चालतं: शुक्रवारी दुपारी आलं, गवती चहा आणि पत्ती घालून कडक अर्क उकळायचा, गाळून बाटलीत भरायचा. पाण्याची इलेक्ट्रिक किटली, शब्बाथसाठी मिळते ती, दिवे लावण्याआधी उकळून चालूच ठेवायची. सकाळी त्यातलं पाणी एका कोरड्या कपात घ्यायचं, त्यातून दुसऱ्या कपात ओतायचं, आणि त्या दुसऱ्या कपात अर्क, साखर, दूध घालायचं. उकळलेल्या चहाची सर येत नाही हे खरं, पण आलं जरा जास्त घातलं तर सासूबाई दुसरा कप मागतील. एवढ्या एका गोष्टीने गॅस बंद राहतो. टीव्ही पुढच्या महिन्यात बघू.

आणि यजमानांची गाडी? ती त्यांच्यावर सोडा. तोरामधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो आणि जीवन निवड म्हणतो, हात धरून ओढत नाही. लेकीने बापाची किल्ली लपवली असं माझ्या कानावर यायला नको.

मलिद्याचं उत्तर थोडक्यात. मलिदा ही तोरामधली आज्ञा नाही, आपली रीत आहे, आणि तसं मान्य करायला काही हरकत नाही. पण त्यातली कुठली गोष्ट आज्ञेविरुद्ध जाते ते तिने दाखवावं. गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं, गुलाबाचं फूल. प्रत्येकावर त्याचा त्याचा आशीर्वाद, आणि एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं. झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीतल्याला वेगळा, वासाला वेगळा असे आशीर्वाद एका ताटावर इतके क्रमाने म्हणायला मिळतात असे प्रसंग किती येतात? पुढच्या मलिद्याला ते क्रमाने लावायचं काम तिच्याकडेच द्या. पूर्वजांची रीत सांभाळणं यालाही आपल्या शास्त्रात वजन आहे, हे तिचे शिक्षकही तिला सांगतील.

मेंदीसाठी आजच जावेला फोन करा, महिना हातात आहे. तुमचं पत्र मे महिन्यातलं. म्हणजे मेंदी जूनमध्ये, आणि तेव्हा शब्बाथ सुटतो तो रात्री साडेआठच्या सुमारास. मेंदी सहाऐवजी साडेनऊला ठेवायला सांगा. इथे शनिवारी रात्री उशिराचे समारंभ रोजचेच आहेत, हॉलवाल्याला नवल वाटणार नाही. जेवण मांसाहारी असेल तर कोशेर प्रमाणपत्राच्या केटररकडूनच घ्या, म्हणजे पोरीला वेगळी ताटली मागावी लागणार नाही. जाऊबाई 'एका मुलीसाठी सगळ्यांची वेळ बदलायची का' म्हणाल्या तर सांगा की सासूबाईंनाही दुपारची झोप झाल्यावरच बरं वाटतं. आणि तरीही वेळ बदलली नाही, तर लेकीला आधीच सांगून ठेवा: शब्बाथ सुटला, हवदाला (शब्बाथला निरोप द्यायचा विधी) झाली की टॅक्सी करून थेट ये, नवरदेवाच्या बोटाला लावायची थोडी मेंदी आम्ही तुझ्यासाठी ठेवतो.