शंका-समाधान : विमानातलं डीएमई

प्रश्न : मुलगा पायलटचं शिक्षण घेतोय. विमानातलं डीएमई (डिस्टन्स मेझरिंग इक्विपमेंट, अंतर मोजणारं रेडिओ यंत्र) जमिनीवरच्या केंद्राला ‘विचारून’ अंतर काढतं, असं तो सांगतो. एकाच वेळी अनेक विमानं विचारत असतील, तर आपलं उत्तर कोणतं हे कसं कळतं?
– एक पालक, शिरपूर

उत्तर : विमानातून 3.5 मायक्रोसेकंदांच्या दोन पल्स (रेडिओ लहरींचे क्षणिक ठोके) जातात. एक्स चॅनेलवर (डीएमईच्या चॅनेलांचा एक प्रकार) दोहोंत 12 मायक्रोसेकंदांचं अंतर असतं. एकटीदुकटी पल्स आली तर केंद्र दखल घेत नाही, म्हणून भलत्या रेडिओ गोंगाटाला सहसा उत्तर जात नाही. जोडी ओळखली की ठरलेले 50 मायक्रोसेकंद थांबून, 63 मेगाहर्ट्‌झ वरच्या किंवा खालच्या फ्रिक्वेन्सीवर, तशीच जोडी परत येते. यंत्र एकूण वेळेतून 50 वजा करतं आणि उरलेल्याला 12.36 ने (एक नॉटिकल मैल जाऊन-येऊन लागणारे मायक्रोसेकंद) भागतं. झाले नॉटिकल मैल. समजा केंद्र जळगावला आणि विमान कमी उंचीवर भुसावळजवळ, सुमारे 24 किलोमीटरवर, म्हणजे 13 नॉटिकल मैल. जाऊन-येऊन 161 आणि वर 50, असे 211 मायक्रोसेकंद लागतील.

उत्तरावर कुणाचंच नाव नसतं. सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना ऐकू येतात. खुबी आहे ती विचारण्यात. प्रत्येक यंत्र आपल्या जोड्या मुद्दाम अनियमित वेळाने सोडतं. आपण विचारल्यावर दर वेळी तेवढ्याच उशिराने येतं ते उत्तर आपलं. इतरांची कधी आधी, कधी नंतर पडतात, ती गाळली जातात. हा मेळ बसेपर्यंत यंत्र सेकंदाला 150 पर्यंत जोड्या सोडतं, बसल्यावर सरासरी 30 च्या आत येतं. कारण केंद्राची ऐपत सेकंदाला साधारण 2700 उत्तरांची, म्हणजे शंभरेक विमानांची. गर्दी वाढली की केंद्र आपली ग्रहणक्षमता कमी करतं. दूरच्या क्षीण विचारणा सुटतात, जवळच्यांना उत्तर मिळत राहतं. आमच्या मते या यंत्रणेतली सर्वांत शहाणपणाची सोय हीच.

प्रश्न : केंद्राच्या बरोब्बर डोक्यावर असतानाही आकडा शून्य का होत नाही?
– एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : डीएमई तिरकं अंतर मोजतं. 36 हजार फुटांवर असाल तर डोक्यावरही सुमारे 6 नॉटिकल मैल दिसतील. जमिनीवरून 30 मैल दूर असाल तर 30.6. दर हजार फूट उंचीला किमान एक मैल दूर असलात, तर ही चूक सोडून द्यावी. डीएमई दाखवतं तो वेगाचा आकडा मात्र केंद्राकडे सरळ जाताना किंवा सरळ दूर जातानाच खरा. बाजूने जाताना तो फार कमी दिसतो.

आणखी दोन सापळे. कमी उंचीवर सातपुड्याच्या रांगेआड गेलं की संपर्क तुटतो, पण यंत्र काही सेकंद जुन्याच हिशोबाने आकडा दाखवत राहतं. दुसरा ‘होल्ड’ बटणाचा : ते दाबलेलं असेल तर फ्रिक्वेन्सी बदलली तरी अंतर जुन्याच केंद्राचं राहतं. म्हणून आधी केंद्राची मोर्स ओळख (लहान-लांब आवाजांतली सांकेतिक अक्षरं) ऐकायची. ती साधारण अर्ध्या मिनिटाने येते. आली नाही, तर समोरचा आकडा वापरायचा नाही.